तीन नारिंगी जॅकेटं

कारखान्यात तिला सगळे पट्टी म्हणत. अंगाने फूटपट्टीसारखी सरळसोट, आणि कापडावर खडूची रेघ मारायची ती पट्टी न लावताच, तरीही सरळ. दोन्ही बाजूंनी शोभलं म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. मुकादमालासुद्धा हजेरी घेताना तिचं खरं नाव आठवावं लागे.

गणवेश शिवणारा तो कारखाना. दवाखान्यातल्या नर्सचे, शाळेतल्या पोरांचे, रस्त्यावरचे खड्डे बुजवणाऱ्यांचे. पट्टी कापणीच्या टेबलावर होती. कापडाचे थर एकावर एक रचून वीतभर जाडीची गादी झाली की उभ्या पात्याचं यंत्र तिच्यातून ढकलत न्यायचं, खडूच्या रेघेवरून तसूभर न हलता. पातं मऊ कापडातून जातं तितक्याच सहज बोटातूनही जातं, म्हणून यंत्र चालवणारीच्या हातात लोखंडी जाळीचा मोजा. थर दाबून धरणारीला मात्र मोजा चालत नाही. तिला कापड सरकतंय का ते बोटांनी कळावं लागतं. पट्टीसमोर थर दाबून धरायला थोरली असायची.

थोरली वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी आणि मनाने तर विचारायलाच नको. दोघी एकाच टेबलाला लागल्या तेव्हा पट्टीची मुलगी रांगत होती. आता ती लग्न होऊन दूर गेली, पट्टीचा नवरा त्याच्याही आधी आपल्या वाटेने गेला, घरात म्हातारी आई तेवढी उरली, पण टेबल तेच आणि समोरचे हातही तेच. "तुझे डोळे आणि माझे हात," थोरली येईल त्या नवख्या पोरीला ऐकवायची. "आम्ही दोघी मिळून एक धड बाई आहोत." त्यावर सगळी खोली हसायची. पट्टीही हसायची. गेल्या वर्षापासून मात्र हे वाक्य आलं की ती मान खाली घालून खडू शोधायची.

कारण डोळे चालले होते. तेही अशा मुकाट्याने की घरात चोर शिरावा आणि एकेक भांडं उचलून न्यावं. आधी बाजूने येणारं माणूस दिसेना. मग दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागला, टेबलाच्या कडेचा पेला हाताने उडू लागला. आई म्हणायची, "धांदरट झालीस हो तू या वयात." एक दिवस आईने असं म्हणणं बंद केलं, आणि ते जास्त वाईट होतं. आईचा भाऊ, म्हणजे पट्टीचा मामा, असाच धांदरट होत होत शेवटी डोळे जाऊन खुर्चीत बसला होता. घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. आई फक्त पेला टेबलाच्या मधोमध ठेवू लागली.

डॉक्टरांनी तिला एका यंत्रात डोकं घालून बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. मधे दोनचार दिवे लागले, तिने बटण दाबलं आणि बाकीचे कधी सुरू होतात याची वाट बघत बसली. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "झालं, या बाहेर." तिला वाटलं यंत्र बिघडलं. दिवे सगळीकडे लागून गेले होते. नजर कडेकडेने आटत येते, डॉक्टर म्हणाले, त्यावर औषध नाही, आणि काम काय करता तुम्ही? पट्टीने सांगितलं, शिवणकाम. पात्याचा विषय तिने काढला नाही.

समोरची रेघ तिला अजून लख्ख दिसत होती, तेच तर तिचं दुर्दैव. सरळ बघून सरळ कापता येत होतं. रेघेच्या दोन्ही बाजूंना काय आहे तेवढं दिसत नव्हतं, आणि थोरलीचे हात नेमके तिथेच असायचे. एके दिवशी वळणावर पातं गेलं आणि थोरलीच्या बाहीचं टोक कापून निघालं. थोरलीने ते टोक उचललं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, "बघा बघा, बाई आता नखंही कापून देणार!" खोली हसली. पट्टी मोरीत जाऊन उभी राहिली आणि नळ सोडून रडली. त्याच दिवशी तिने ठरवलं, थोरलीला सांगायचं. मुकादमाला कळेल, टेबल जाईल, सगळं जाईल, पण आधी थोरलीला सांगायचं, आणि आपल्या तोंडाने सांगायचं.

सांगणं म्हणजे काय चेष्टा आहे? थोरलीच्या तोंडात तीळ भिजत नाही. कारखान्यात बोलायला फुरसत नाही, घरी आईच्या कानावर पडायला नको. असं झुरत असतानाच घाईबाईने कार्निव्हलचं खूळ काढलं.

घाईबाई पॅकिंगमध्ये होती. बसल्या बसल्याही धापा टाकणारी बाई. सीमेपलीकडच्या शहरात मोठा कार्निव्हल असतो, मिरवणूक, बँड, मुखवटे, शुक्रवारी कामावरून सुटून बसमध्ये बसायचं, रविवारी परत. "मरायच्या आधी एकदा तरी परदेश बघू या गं," ती म्हणाली. थोरली म्हणाली, "मी तर नाचणार." पट्टी म्हणाली, "येते." दोघी बघतच राहिल्या, कारण पट्टी कुठेही येत नसे.

जॅकेटांची कल्पना पट्टीचीच. रस्त्यावरच्या कामगारांच्या गणवेशाचं नारिंगी कापड उरलं होतं, डोळ्यांत घुसणारं. त्यातून तिने तीन जॅकेटं शिवली. "गर्दीत कुणी हरवायला नको," ती म्हणाली. खरं कारण असं की चेहरे आता तिला पटकन सापडत नव्हते, रंग सापडत होता. शिवाय प्रत्येक बाहीच्या आत, मनगटाशी, तिने दोऱ्याचा एक आडवा टाका घातला, बोटाला लागेल असा. थोरलीच्या जॅकेटाला काखेत जास्तीचा तुकडा जोडला, कारण थोरली थोरली होती. डोळ्यांनी दगा दिला तरी बोटं आपली माणसं ओळखतील, असा तिचा हिशेब. जन्मभर ज्या बाईने माणसाच्या आधी त्याचा कपडा बघितला, तिला हे अगदी पक्कं वाटलं.

प्रवास म्हणाल तर पहिल्यापासून बट्ट्याबोळ. सीमेवर घाईबाईचा पासपोर्ट सापडेना. सगळी बस खोळंबली, ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, आणि पासपोर्ट निघाला तो थोरलीच्या पर्समधून, कारण "तू हरवशील म्हणून मीच ठेवायला घेतला होता की!" सकाळी हॉटेलात गेल्या तर खोली नाही. घाईबाईने ती पुढच्या आठवड्यातली घेतली होती. गावात सुई ठेवायला जागा नव्हती. शेवटी काउंटरवरच्या माणसाला दया आली आणि त्याने चादरी-टॉवेलांची कोठी उघडून दिली. तिथे घड्या घातलेल्या चादरींवर बसून तिघींनी पाव खाल्ला, आणि थोरलीने चादरीची कड उलटून बघून शेरा मारला, "शिवण कच्ची आहे." तिघी इतक्या हसल्या की घाईबाईला उचकी लागली.

त्या कोठीतच सांगायला हवं होतं. दार लोटलेलं, उजेड बरा, थोरली हाताशी. पट्टीने "थोरले" अशी हाकही मारली. "काय गं?" थोरली म्हणाली, तोंडात पाव, डोळे हसून ओले झालेले. पट्टी म्हणाली, "पाणी दे." संध्याकाळी सांगू, मिरवणूक झाल्यावर, तिने मनाशी म्हटलं. एवढा आनंद तरी तिचा होऊ दे.

दुपार कलताना त्या बाहेर पडल्या. हरवलो तर कारंज्याजवळ भेटायचं, असं घाईबाईने दहा वेळा बजावलं. रस्त्यात माणूस माणसाला चिकटलेला. ढोल असे की छातीत वाजत होते. कागदाचे रंगीत कपटे वरून, बाजूंनी, कुठूनही येत होते. कुणी पांढरा चेहरा रंगवलेला, कुणी पक्ष्याचं डोकं घातलेलं. दुसऱ्या कुणालाही ही मौज होती. पट्टीला बशीएवढा रस्ता दिसत होता आणि त्या बशीत क्षणाक्षणाला कुणीतरी नवा माणूस उडी मारत होता. तिने थोरलीची बाही धरून ठेवली. थोरलीने एक गिरकी घेतली आणि बाही सुटली.

झालं एवढंच. थोरलीचा काही गुन्हा नव्हता. ती नाचायला आली होती आणि नाचत होती.

पट्टी हाका मारत राहिली. तिथे ढोलापुढे हाकेला कोण विचारतो? ती मान इकडून तिकडे फिरवत होती, अंधाऱ्या खोलीत विजेरी फिरवावी तशी. धक्के बसत होते. कुणीतरी तिच्या पायावर पाय दिला आणि हसून मिठी मारली. उजेड उतरत चालला तशी बशीची वाटी झाली. आई म्हणाली होती, "जाऊ नकोस." इतकंच म्हणाली होती; पट्टीने कारण विचारलं असतं तर मामाचं नाव निघालं असतं. आपण इथेच पडणार, पट्टीला वाटलं, आणि हे सगळे ढोल वाजवत आपल्यावरून जाणार.

तेवढ्यात तिच्या त्या वाटीत नारिंगी दिसलं.

ती माणसं ढकलत गेली आणि दोन्ही हातांनी ती बाही धरली. अंगठा आत घातला. आडवा टाका लागला. हात वर सरकवला, काखेतला जास्तीचा तुकडा लागला. थोरली! नारिंगी जॅकेटने तिच्याकडे वळून तिचा हात घट्ट दाबला आणि तिला गर्दीतून ओढत एका बंद दुकानाच्या पायरीवर नेलं. तिथे ढोल जरा मागे राहिला. दोघी बसल्या. पट्टीने वर बघितलंच नाही. वर बघितलं तर धीर जाईल हे तिला माहीत होतं. त्या ओळखीच्या कापडात तोंड खुपसून तिने बोलायला सुरुवात केली.

"थोरले, मला दिसत नाही गं. तू वाकडंतिकडं बोलू नकोस, आधी ऐक. बाजूचं काहीच दिसत नाही. मामासारखं झालंय. आई जाणते, पण बोलत नाही. तुझी बाही कापली ना मी, ती चुकून नाही कापली. तुझा हात दिसलाच नाही मला. कितीदा दिसला नसेल, देव जाणे. रोज सकाळी पातं चालू करते आणि तुझी बोटं कुठे आहेत ते मला ठाऊक नसतं. मी सांगत नव्हते, कारण तू समोर नसलीस तर मी काय करू? मला त्या टेबलाशिवाय काही येत नाही. भीती वाटते गं. मला फार भीती वाटते."

आणि थोरली एक शब्द बोलली नाही. नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली, सावकाश, वरून खाली. पट्टीला वाटलं, बघा, जन्मभर बडबडणारी बाई, पण वेळ आली तेव्हा तिला गप्प राहणंही जमलं. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता. ती पोटभर रडली. कितीतरी महिन्यांनी तिला नीट श्वास घेता आला.

मग तिने वर बघितलं.

चेहरा पांढरा रंगवलेला होता, गालावर लाल टिकल्या. कुणी एक परकी म्हातारी. तिचे डोळे पाणावले होते, ती मान डोलवत होती, आणि तिच्या भाषेत हळू काहीतरी म्हणाली, पोराला समजवावं तसं. पट्टीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिलाही पट्टीचं अक्षर कळलं नव्हतं. म्हातारीने आपल्या केसांतलं कागदी फूल काढून पट्टीच्या हातात दिलं, तिचा गाल थोपटला, आणि ढोल जवळ आला तशी उठून थोरलीचं जॅकेट घालून नाचत नाचत निघून गेली.

पट्टी तशीच पायरीवर बसून राहिली. मघाशी उचललेला दगड आता दुप्पट जड होऊन परत आला होता.

कारंजं तिला विचारत विचारत, हातवारे करत सापडलं. तिथे दोघी उभ्या. थोरलीच्या अंगात पितळी गुंड्यांचा हिरवा मखमली कोट. लोक टोप्या, कोट एकमेकांत बदलत होते, तशी तिनेही एका म्हातारीशी अदलाबदल केली होती. घाईबाईच्या जॅकेटाच्या जागी तर पिसांचा झगाच होता. पट्टीला बघताच थोरलीचा बांध फुटला.

"कुठे मेली होतीस? हाका मारून घसा बसला माझा! आणि मघाशी माझ्यासमोरून गेलीस की गं! हाताच्या अंतरावरून! मी हात हलवतेय, नाव घेतेय, आणि ही बाई सरळ बघत चालली! काय झालंय काय तुला?"

हीच वेळ होती. इतकं नीट विचारून अशी संधी पुन्हा कुणी देणार नव्हतं. पट्टीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आत काही उरलेलंच नाही. वर्षभर जमवून जमवून जे शब्द केले होते ते एका अनोळखी बाईच्या पदरात पडले होते, आणि ती ते घेऊन नाचत गेली होती. तेच शब्द दुसऱ्यांदा निघेनात. निघाला तो राग.

"जॅकेट का दिलंस?" ती ओरडली. "मी शिवलं होतं ना? तुझ्यासाठी शिवलं होतं. कुणालाही देऊन टाकलंस?"

थोरली म्हणाली, "अगं, उरलेल्या चिंधीचं जॅकेट ते! त्यासाठी एवढा तमाशा?"

"चिंधी काय?"

"बरं बाई, चुकलं." पण 'चुकलं' म्हणताना तिचा चेहरा पडला होता, आणि पट्टीला नेमका तेवढा दिसला, कारण तो अगदी समोर होता. परतीच्या बसमध्ये घाईबाई दोघींच्या मधे बसली आणि दोघींशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत राहिली.

सोमवारी टेबलावर थर रचलेले होते. थोरली येऊन समोर उभी राहिली, बाह्या सारल्या आणि उघडे हात कापडावर ठेवले. "चालव," ती म्हणाली. रुसवा होता, पण हात नेहमीसारखे निर्धास्त ठेवले होते. पट्टीने यंत्राच्या मुठीवर हात ठेवला. मान वळवून आधी एक हात शोधला, मग दुसरा. दुसरा सापडेपर्यंत पहिला हलला होता. तिने मोजा काढून टेबलावर ठेवला आणि मुकादमाकडे गेली. खांदा दुखतो म्हणाली, दोरे कापायच्या टेबलावर घ्या मला.

थोरली मागोमाग आली. "खांदा? काल तर बॅग घेऊन बसमागे पळत होतीस. खरं सांग. अजून त्या जॅकेटाचाच राग ना?"

पट्टीने तिच्याकडे बघितलं. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, आणि पुढच्या प्रश्नाला देण्यासारखं काही तिच्याजवळ नव्हतं. शिवाय खरं कळलं तर ही बाई काय करेल ते तिला पाठ होतं. म्हणेल, मी आहे ना, मी सांभाळून धरते, तू चालव. आणि परत हात ठेवेल.

"हो," पट्टी म्हणाली.

थोरलीने सारलेल्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाली, "इतक्या वर्षांचं हे एवढंच होतं म्हणायचं." आणि गेली.

यंत्रावर एक तरणी पोर आली. पातं सुरू झालं की पट्टीच्या हातातली कात्री थांबायची. आवाज सरळ गेला, वळला, परत सरळ गेला, बंद झाला. कुणी किंचाळलं नाही. मग ती पुढचा दोरा शोधायची, बोटांनीच. दिवसभर असंच. थोरलीची दहाही बोटं शाबूत होती, आणि त्यासाठी थोरलीच द्यावी लागली होती.

संध्याकाळी फाटकाशी घाईबाईने तिला गाठलं. आज घाईबाईलाही घाई नव्हती.

"एक बोलू? एवढं ताणू नये माणसाने. दुपारी थोरली तुझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती, ते नारिंगी कापड घेऊन. आधी मला म्हणाली होती, हिला सांगते, दुसरं शिवून दे, या वेळी अंगावेगळं करणार नाही. तुझ्याकडे बघून हसलीसुद्धा बिचारी. अगदी बाजूला उभी होती. किती वेळ! तू मान वर केली नाहीस. रडत गेली ती. दिसली नाही का तुला?"

पट्टीने पर्सचा बंद खांद्यावर नीट केला.

"दिसली," ती म्हणाली.